मधुकरी आणि मधाचं पोळं

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, पारावर हल्ली एक वाद नेहमी ऐकतो. एक म्हणतो, "म्हातारपणाची सोय ज्याची त्यानं करावी, सरकारच्या तोंडाकडे काय बघायचं?" दुसरा म्हणतो, "जन्मभर लोकांच्या बांधावर राबलो, शिल्लक टाकणार कुठून?"

मला वाटतं, दोघांचंही उत्तर अवधूतांच्या चोवीस गुरूंपैकी मधुकराजवळ आहे. भागवताच्या एकादश स्कंधात हा गुरू येतो. फुलाला न दुखावता तो थोडं थोडं घेतो. आपला 'मधुकरी' शब्द त्यातूनच आला. 'उद्यासाठी साठवू नये' हा तिथला उपदेश मात्र संन्याशाला आहे. आपण प्रपंचातले. हातपाय चालतात तोवर चार पैसे बाजूला टाकणं हा आपला धर्मच. आपलं वय गेलं असेल, पण मुलासुनांना तरी सांगा. अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयापर्यंतच नाव घालता येतं. साठीनंतर हप्त्याप्रमाणे महिना एक ते पाच हजार मिळतात.

आणि ज्याला साठवताच आलं नाही, त्यानं काय करावं? पासष्टी ओलांडलेल्या निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे, महिना दीड हजार रुपयांची. आमच्याकडच्या एक आजी अर्जच करीनात. "भीक नको बाबा," म्हणायच्या. मी म्हटलं, "आजी, गाणगापुरी माध्यान्ही महाराज स्वतः झोळी घेऊन येतात असं आपण मानतो ना? मग तुम्हाला कसली लाज? काडेपेटी घेणारा गरीबसुद्धा कर भरतो. ही घरोघरची मूठ आहे, तुम्हीही आयुष्यभर तीत घातलीत." आजींनी अर्ज केला.

पण मधुकरीला नियम असतो. घरी चूल पेटत असताना उत्पन्न लपवून दाखला काढला, तर आपण कुणा आजीच्या वाट्याची मूठ उचलतो. ते पाप महाराजांच्या पायाशी कसं ठेवणार?

आणि मुलांनो, दीड हजारात धान्य आणि औषधं दोन्ही भागत नाहीत. आईबापांना सांभाळणं २००७ च्या कायद्यानं बंधनकारक केलंय. पण त्यासाठी आईला कचेरीची पायरी चढायला लावू नका.

असेल त्यानं साठवावं, नसेल त्यानं निःसंकोच घ्यावं, आणि दोघांनीही खरं बोलावं. या जयंतीला पादुकांवर एवढा संकल्प सोडू या.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!