किडीचे स्मारक

शास्त्रपाठ : उत्पत्ती ५०:१५-२१



अमेरिकेतील अलाबामा राज्यात एंटरप्राइज नावाचे गाव आहे. तेथे भररस्त्यात एका स्त्रीचा पुतळा उभा आहे. दोन्ही हात उंच करून तिने डोक्यावर काय धरले आहे? कापसाची बोंडे पोखरणारा भुंगा!

तो मुलूख कापसाचा. १९१५ च्या सुमारास हा भुंगा तेथे पोहोचला आणि पीक बुडाले. १९१६ मध्ये एच. एम. सेशन्स या गृहस्थाने एका कर्जबाजारी शेतकऱ्याला भुईमूग पेरण्यास राजी केले. पहिल्याच पिकात कर्ज फिटले. इतरांनीही भुईमूग धरला, आणि भुंग्याने आपल्याला नवे पीक दिले म्हणून गावाने ११ डिसेंबर १९१९ रोजी हे स्मारक उभारले. पुतळ्याच्या हाती भुंगा मात्र १९४९ मध्ये आला.

लक्षात घ्या, स्मारक १९१५ मध्ये उभारले नाही. त्या वर्षी बांधावर जाऊन कोणी "देवाचे आभार माना" म्हटले असते, तर ते निष्ठुरपणाचे झाले असते. शिवाय कापसाच्या त्या पट्ट्यातील कित्येक गरीब वाटेकरी देशोधडीला लागले. त्यांनी कोणते स्मारक उभारावे?

योसेफाने भावांच्या दुष्कृत्याला दुष्कृत्यच म्हटले. त्यातून देवाने पुष्कळांचे प्राण वाचविले, हेही त्यानेच सांगितले; पण खड्डा आणि तुरुंग भोगल्यावर, वर्षांनंतर, स्वतःच्या तोंडाने. हेच त्याचे भाऊ म्हणाले असते, तर ती पापाची सारवासारव ठरली असती.

मी स्वतः येथे चुकलो आहे. नोकरी गेलेल्या एका बंधूंना मी लगेच म्हणालो, "यातही देवाची योजना आहे." ते काही बोलले नाहीत. पुढचे दोन रविवार ते उपासनेला आले नाहीत. माझे वाक्य खोटे नव्हते. ते उच्चारण्याचा अधिकार माझा नव्हता.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, योसेफाची गोष्ट सांगताना राजवाड्याकडे धावू नका. मुलांना तुरुंगात थोडे थांबू द्या. आमच्या प्रभूचेही पुनरुत्थान तिसऱ्या दिवशी झाले. शुक्रवारी मरिया वधस्तंभाजवळ उभी होती, तेव्हा तिला कोणी उपदेश केला नाही. योहान तिला आपल्या घरी घेऊन गेला.

ज्याच्या शेतात आज कीड पडली आहे, त्याच्याकडे स्मारकाची कल्पना घेऊन जाऊ नका. दुसरे पीक पेरायला सोबत करा. उपकारस्तुती त्याची तो करील, देव त्याला ती देईल त्या दिवशी. आमेन.