हरकाम्या

शाळेत कोणी रजेवर गेले की त्याच्या तासाला माझी रवानगी होते. भूगोल असो, चित्रकला असो, नाहीतर मैदान. पूर्वी याचा राग येई. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपल्यालाच उद्देशून रचली असावी, असे वाटे.

अशा वेळी सांगलीत १९१५ साली जन्मलेले विजय हजारे आठवतात. १९४८ साली ॲडलेडच्या कसोटीत त्यांनी ११६ आणि १४५ अशी दोन शतके काढली. त्याच सामन्यात २०१ धावांवर ब्रॅडमनचा त्रिफळा उडवला तोही त्यांनीच. १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधारही तेच. देवास, बडोदे अशा संस्थानिकांच्या पदरी राहून खेळलेला हा माणूस, पडेल ते काम करीत गेला.

पण हे उदाहरण मला पुरेसे सोयीचे नाही. ज्याची हरेक कामगिरी चमकते, त्याला हरकाम्या म्हणण्यात काय अर्थ? खरा हरकाम्या त्यांचा भाऊ, विवेक. १९४३ सालच्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेष संघाच्या ३८७ धावांत विजय हजाऱ्यांच्या ३०९ होत्या. सहाव्या जोडीने ३०० धावा जोडल्या. त्या जोडीतल्या विवेकच्या धावा अवघ्या २१. आणि एवढे करून सामना डावाने गेला तो गेलाच.

मग त्या २१ धावांची किंमत काय? फळ पाहिले तर शून्य. नाव पाहिले तर भावाचे. तरीही ते दुसऱ्या टोकाला उभे नसते, तर ३०९ झाल्या असत्या का? मला वाटते, कामाचे मोल कोणाला तरी उभे राहता आले यातही असते.

मात्र येथे एक धोका आहे. ‘पडेल ते काम करावे’ हा उपदेश बहुधा काम सांगणाराच करतो. विवेकने आपले टोक स्वतः राखले. ते त्यांचे होते. ज्याला फक्त ढकलले जाते, त्याची निष्ठा गुण नव्हे, नाइलाज असतो. म्हणून दुसऱ्याला टोकाला उभे करणाऱ्याने त्याच्या २१ धावा लक्षात ठेवणे, हे त्याचे ऋण आहे.

उद्या पुन्हा भूगोलाचा तास आहे. कृष्णेचा नकाशा मी आजच काढून ठेवला आहे.