चित्राची मागची बाजू

दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा एक छोटा चित्रपट केला. त्यात आगकाड्या आपल्या आपण हलतात, आकार घेतात, मोडतात. माणूस कुठेच नाही. युक्ती साधी, पण जिकिरीची. काडी किंचित सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. पडद्यावर काड्या घटकाभर चालाव्यात म्हणून कुणीतरी शेकडो वेळा हात पुढे करायचा आणि कॅमेरा चालण्याआधी मागे घ्यायचा. आपोआप चालणाऱ्या वस्तूंचं हे आपल्याकडचं अगदी सुरुवातीचं चित्र, आणि त्यात आपोआप असं काहीही घडलेलं नाही.

त्र्यंबकेश्वरात जन्मलेला हा माणूस जे. जे. कलाशाळेत शिकला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या रविवर्मा छापखान्यात राबला. चित्र एकदा छपाईच्या दगडावर चढलं की चित्रकाराशिवायही लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यांत पोचतात, हे त्याने तिथे पाहिलं. यंत्राबद्दलची त्याची आशा तिथली असावी. भिंतीवर पोचलेले देव आता चालू लागावेत, एवढाच पुढचा टप्पा. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि बिऱ्हाड नाशिकला आलं. त्याच्या चार वर्षं आधी गांधीजींनी ‘हिंद स्वराज’मध्ये यंत्राला पापाच्या यादीत बसवलं होतं. पुढे भगूरच्या सावरकरांनी यंत्राची बाजू हिरिरीने मांडली. वाद रास्त होता, पण तो गिरणीचा आणि पोटाचा होता. चित्राचा हिशेब त्यात कुणी धरला नाही. चित्राच्या धंद्यात यंत्र आधी काम लपवतं, हिरावणं नंतर येतं.

सरस्वतीबाई फाळक्यांचंच पाहा. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायची ती अंधारात, बाईंनी. फिल्म धुवायची तीही बाईंनी. वर कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. लोकांनी टाळ्या दिल्या त्या पडद्यावरच्या चमत्काराला. पुढे पडदा बोलू लागला, आणि ज्या यंत्राने फाळक्यांना उभं केलं त्याच्याच सुधारलेल्या रूपाने त्यांना बाजूला सारलं. १९३७चा ‘गंगावतरण’ करून ते थांबले. १९४४ साली नाशिकमध्येच गेले, तोवर सिनेमावाले त्यांना जवळपास विसरले होते. आशा आणि भीती एकाच आयुष्यात एवढ्या जवळ क्वचित नांदतात.

लपलेल्या हाताचा हिशेब मागायचा तर चित्र उलटून पाहावं लागतं. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात ते रोज चालतं. जाणती बाई पैठणी घेताना आधी पदर उलटा करते. हातमागावर प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवत विणलेला मोर पाठीमागेही मोरच दिसतो. जॅकार्ड मागावर काढलेल्या नक्षीमागे मोकळे किंवा कापलेले धागे असतात. किंमत तिथे ठरते. हा माग बनवणाऱ्या जॅकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी साठवली आणि तीच कल्पना इंग्रज गणिती बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी उचलली. म्हणजे आज चित्रं काढणाऱ्या संगणकाचं घराणं मागापाशीच निघतं. फरक इतकाच की त्याच्या चित्राला उलटी बाजू नाही.

त्याच जिल्ह्यात, मालेगावात, गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. तिथे यंत्रमागांची खडखड आठवडाभर, शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीला सिनेमा. व्हिडिओ पार्लर चालवता चालवता नासिर शेख चित्रपट करायला शिकला आणि २००० साली त्याने ‘मालेगाव के शोले’ काढला. मग ‘मालेगाव का सुपरमॅन’. फैझा अहमद खान यांनी २००८च्या माहितीपटात त्याची घडण टिपली आहे. सुपरमॅन झालेला शफीक शेख यंत्रमागावरचा कामगार, अंगाने किरकोळ. त्याला उडवायला नासिरच्या मंडळींजवळ होतं ते हिरवं कापड, संगणक आणि धरायला चार मित्र. हिरवा रंग संगणकात पुसला गेला की मागे आभाळ बसवायचं. पण धरणाऱ्यांची ओढाताण काही पूर्ण पुसली जात नाही. तो उडतो तेव्हा ती दिसतेच, आणि हसू येतं ते त्याच्यावर नव्हे, त्याच्यासोबत.

दिवसभर एका यंत्राला जुंपलेला माणूस सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या यंत्राकडून स्वतःला उडवून घेतो. यंत्रयुगातल्या आशाभीतीचं याहून प्रामाणिक डिजिटल चित्र महाराष्ट्रात मला तरी ठाऊक नाही, आणि करणाऱ्यांच्या मनात असलं भारदस्त काही नव्हतं हे तर आणखी चांगलं. फाळक्यांनी हात शिताफीने लपवला. मालेगावकरांना तो लपवणं परवडलं नाही. शफीक २०११ साली कर्करोगाने गेला. पुढे रीमा कागतींनी या मंडळींवर मोठा हिंदी चित्रपट केला, त्यात सगळं नीट उडतं.

यंत्र आणि माणसाचे श्रम हा विषय कलादालनांतही येतो. सुन युआन आणि पेंग यू या चिनी कलावंतांनी २०१६ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयासाठी कारखान्यातला एक रोबोट-हात पारदर्शक भिंतींच्या खोलीत बसवला. जमिनीवर पसरणारा रक्तासारखा लाल द्रव पुन्हा पुन्हा ओढून आत घ्यायचा, एवढंच त्याचं काम. त्याच्या चित्रफिती पुढे मोबाइलवर जगभर फिरल्या, लोकांनी त्या हातासाठी डोळे पुसले. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या माणसाला त्यात काय दिसेल, असं माझ्या मनात येतं. तेच काम हातात फडकं घेऊन करणाऱ्याबद्दल एवढी कणव मी कुठल्या रीलखाली वाचलेली नाही.

मग आली सांगताच चित्र काढणारी प्रणाली. २०२२च्या आसपास तिला हात काढता येत नव्हते, सहा-सहा बोटं यायची. आपण हसलो. ती खोड बरीचशी गेली. २०२५च्या मार्चमध्ये गावोगावच्या लग्नांचे, बारशांचे फोटो जपानी अ‍ॅनिमेशनकार मियाझाकींच्या चित्रपटांच्या वळणाने रंगून आले. नाशिकच्याही. ज्या मियाझाकींनी २०१६ साली संगणकाने हलवलेली आकृती पाहून उघड तिटकारा दाखवला होता, त्यांचाच हात, त्यांना न विचारता. इथे भीतीचा पोत बदलला. यंत्र माझं काम घेईल, ही जुनी धास्ती. ते माझ्याच हाताने माझं काम करेल, ही नवी.

नाशिकच्या चौकांतून ही साखळी जवळून दिसते. पूर्वी बोर्ड पेंटर होते. दुकानाच्या पाटीवर अक्षर वळवून झालं की उजव्या कोपऱ्यात बारीक ब्रशने ते आपली सही करत. फ्लेक्स आला आणि ब्रश अडगळीत गेले. संगणकावर कोरलमध्ये वाढदिवसाचे फ्लेक्स जुळवणाऱ्या पोराने सही कधी केलीच नाही, आणि आता गिऱ्हाईक आपणच मोबाइलवर चित्र काढून आणतं, त्याला म्हणतं, “फक्त नाव टाक.”

२०२५च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या एका समितीने सुचवलं की कंपन्यांना अशा प्रणाली शिकवायला कलाकृती वापरू द्याव्यात, कलावंताला नकार देता येऊ नये, बदल्यात त्याला स्वामित्वधन मिळावं. नकार देण्याची सोय नाही, हे मला खटकतं. पैशाची गोष्ट त्याहून अवघड आहे. तो वाटायचा म्हणजे नावं लागणार, नोंदी लागणार. गाणी लिहिणाऱ्यांच्या संस्था आहेत, त्यांचं निभेल. पण मेन रोडवरच्या जुन्या पाट्यांचे फोटो इंटरनेटवर ज्याने चढवले त्याला तरी कोपऱ्यातली सही वाचता आली होती का, आणि फ्लेक्सवाल्या पोराच्या फाइलवर तर ‘फायनल २’ एवढंच लिहिलेलं असतं.