जपलेले आणि राहिलेले

पुनर्विकासासाठी मुंबई-पुण्यातील जुनी घरे रिकामी होऊ लागल्यापासून माळ्यावर सापडणाऱ्या बालपणीच्या वस्तूंविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु भोवरा आणि सागरगोटे पाहून दाटून येणारा गहिवर आणि ‘अडगळ काढा, मोकळे व्हा’ हा उपदेश यांपलीकडे ते सहसा जात नाही. गहिवराचा प्रतिवाद करण्याचे कारण नाही, कारण तो काही प्रतिपादनच करत नाही. वस्तू साठवणे हा निव्वळ चंगळवाद आहे, हे म्हणणेही फुटकी पाटी आणि अर्धवट भातुकली यांच्यापुढे टिकत नाही.

या चर्चेत जपलेली वस्तू आणि राहिलेली वस्तू यांतला भेद मात्र निसटतो. जपलेली वस्तू कोणीतरी हेतुपूर्वक, पुढच्या काळासाठी वेगळी काढलेली असते. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभे राहिलेले आणि १९७५ साली राज्य शासनाच्या स्वाधीन झालेले पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हा जपणुकीचा थोर नमुना होय; तेथील दिव्यांत आणि अडकित्त्यांत ते घडवणाऱ्या कारागिरांइतकीच संग्राहकाची नजरही दिसते. माळ्याला असा संग्राहक नसतो. १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या बी. डी. डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खे कुटुंब नांदत असे, आणि अशा घरात ‘सध्या वर टाकून ठेवा’ हा निर्णय नसतो, ती निर्णयाची टाळाटाळ असते. ब्रिटिश बालमनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी संक्रमण-वस्तूंविषयी, म्हणजे मूल आईपासून सुटे होताना ज्या चिंधीला किंवा बाहुलीला बिलगते तिच्याविषयी, नोंदवलेले एक निरीक्षण येथे उपयोगी पडते: मूल तिला विसरतही नाही आणि तिचा शोकही करत नाही, तिचा अर्थ तेवढा हळूहळू विरून जातो. राहिलेली वस्तू अशा न घेतलेल्या निरोपातून उरते.

उपदेशकर्त्यांचे आजचे दैवत म्हणजे मारी कोंडो. २०११ साली जपानी भाषेत निघालेल्या त्यांच्या पुस्तकाने प्रत्येक वस्तू हातात घेऊन ती आनंद देते का, एवढेच विचारण्याची कसोटी जगभर नेली. शिवाय भावनिक वस्तू आई-वडिलांच्या घरी पाठवून देण्याची सवयही त्यांनी चूक ठरवली. कपड्यांच्या कपाटापुरती ही कसोटी वाजवी आहे, हे मान्य करावेच लागेल. बालपणीच्या वस्तूंना ती लावली की मात्र तिच्यातला दोष उघडा पडतो, कारण हा प्रश्न आजच्या माणसाला विचारलेला असतो आणि आजचा माणूस आपल्या आजच्या कहाणीला शोभेल तेवढेच ठेवतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालच्या ग्रंथात दाखवले की स्मरण ही साठवलेल्या ठशाची उजळणी नसून दर वेळी होणारी नवी बांधणी असते. ही बांधणी खरी की सोयीची, हे तपासायला तिच्याबाहेरचे काही हाती असावे लागते, आणि आनंदाची कसोटी नेमके तेच आधी रद्दीत घालते.

सातवीच्या मध्यावर थांबलेली, पुढची पाने कोरी असलेली एखाद्या मुलीची गणिताची वही घ्यावी. ‘तिला अभ्यासाची गोडीच नव्हती’ असे घरात वर्षानुवर्षे सांगितले जाते, आणि ती स्वतःही तसेच सांगू लागलेली असते. वहीतली गणिते मात्र शेवटच्या पानापर्यंत बरोबर असतात. ही वही कोणालाही आनंद देणार नाही. भावाचे नाव खोडून खाली बहिणीचे नाव लिहिलेली कंपासपेटीही देणार नाही, पण घरात नवे कोणाला मिळे आणि वापरलेले कोणाला, हे ती कोणत्याही आठवणीपेक्षा नेमके सांगते. ‘फोटो काढा आणि टाका’ हा मधला मार्गही फसवा आहे, कारण फोटो मुखपृष्ठाचा निघतो, कोऱ्या पानांचा नाही; काय टिपायचे हे ठरवताना निवड पुन्हा आजच्याच माणसाच्या हाती जाते.

याचा अर्थ प्रत्येक राहिलेली वस्तू सत्य बोलते असा नाही. वही का थांबली हे वही सांगत नाही. ते विचारावे लागते. काय उरेल हे वाळवी, पावसाची ओल आणि रद्दीवालाही ठरवतात, मात्र त्यांना कुटुंबाच्या अब्रूशी देणेघेणे नसते, आणि म्हणूनच त्यांची निवड घरच्यांच्या निवडीपेक्षा अधिक विश्वासार्ह मानावी लागते. खरी मर्यादा वेगळीच आहे: दर हंगामात बिऱ्हाड पाठीवर घेऊन कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबाला माळाच नसतो, त्यामुळे तेथील मुलांचे बालपण जपलेलेही नसते आणि राहिलेलेही नसते. माळ्याविषयीचा कोणताही सिद्धान्त, येथे मांडलेला धरून, घर असणाऱ्यांचाच राहतो.

बी. डी. डी.च्या रहिवाशांना आता ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत, आणि सामान हलवण्याची घाई असताना तेथे किंवा अन्यत्र कोणी प्रत्येक वही वाचत बसेल अशी अपेक्षा करता येणार नाही. तरीही ज्यांच्या हाती घर रिकामे करण्याचे काम आले आहे, त्यांनी रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला ट्रंकेजवळ बसवावे, कोणती वस्तू कोणाची आणि ती वापरणे का थांबले हे विचारून घ्यावे, आणि मिळालेले उत्तर नाव-सालासह त्या वस्तूवरच लिहून ठेवावे.