प्रारब्ध कोणाचे?

आमच्या मंडळातील एका वृद्ध सभासदांस स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न होताच समाचारास गेलेल्यांपैकी काहींनी ‘प्रारब्धभोग’ असा उच्चार केला. हा शब्द स्वतःच्या दुःखाविषयी उच्चारला तर धीर देतो. दुसऱ्याच्या उशाशी बसून उच्चारला तर बोलणाऱ्यासच कर्तव्यातून मोकळे करतो, असे आम्हांस वाटते. हे इंद्रिय जठराच्या मागे दडलेले, म्हणून रोग बहुधा उशिराच उमगतो. त्यात रोग्याचा अपराध तो कोणता?

आता त्यांची केमोथेरपी सुरू झाली आहे. चार औषधांचा हा क्रम दर १४ दिवसांनी येतो. त्यांपैकी एक औषध घरी आल्यावरही पंपाद्वारे सुमारे ४६ तास शरीरात उतरत राहते. दुसऱ्या एकामुळे गार पाण्याचा घोटही घशास बोचतो. तीर्थ न्यावयाचे तर कोमट करून न्यावे. (याने देव कोपेल असे मानणारांशी आम्ही वाद घालीत नाही.) रक्तातील श्वेतपेशी घटल्या म्हणजे साध्या पडशाचेही भय, सर्दी झालेल्याने त्या दिवसांत समाचारास जाऊच नये, मग भक्ती कितीही असो.

पंप लागलेल्या दोन रात्रींपैकी पहिलीच्या सोबतीस भजनी मंडळींनी पाळ्या लावून घेतल्या आहेत. दुसरी रात्र अद्याप मोकळी आहे.