गळका नळ आणि दानधर्म

घरातला नळ थेंबथेंब गळतो आहे आणि कोणी तो दुरुस्त करीत नाही, तर दोष कोणाचा? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण सज्जनहो, धर्माची परीक्षा अशा क्षुल्लक ठिकाणीच होते.

पूर्वपक्ष असा. खोडदला कीर्तनानंतर आम्ही हा विषय काढला की कोणी म्हणतो, "बुवा, पाणीपट्टी आम्ही भरतो. मग थेंबाचा हिशेब कशाला?" उत्तर ऐका. पट्टी आहे ती पाणी दारापर्यंत आणण्याची. पाणी काही पट्टीने निर्माण होत नाही. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला ८६,४०० थेंब होतात! २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन योजनेने माणशी रोज ५५ लिटरचे माप धरले आहे. माप आले की वाटा आला, आणि वाटा आला की दुसऱ्याचाही वाटा आला. आपल्या मोरीतून जाते ते शेवटच्या घरातल्या माउलीच्या हंड्यातले.

दुसरा म्हणतो, "नाथमहाराजांनी रामेश्वराची कावड गाढवाच्या मुखी घातली, तेही सांडणेच की!" नव्हे हो! तिथे तहानलेला जीव समोर होता आणि देणारा जागा होता. देण्यात आणि सांडण्यात पाणी सारखेच जाते. भेद आहे तो जागेपणाचा. आपल्या जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत, त्यांत 'पोढी' म्हणजे पाण्याचे टाके दान दिल्याच्या नोंदी आहेत. टाके खोदणे हे पुण्य, तर साठलेले गळू न देणे हा त्याच पुण्याचा उत्तरार्ध नव्हे काय?

तिसरा म्हणतो, "खाली बादली ठेवलीय." बरं केलंत. पण रात्री भरलेली बादली उचलायला कोण उठतं? बहुधा सूनबाई. एकाचा आळस, दुसऱ्याच्या कमरेला ओझे.

आता उपाय. जुन्या पिळाच्या तोटीत एक वायसर असतो. तो झिजला की पाणी ठिबकते. लोक काय करतात, तोटी आणखी जोराने आवळतात. त्याने वायसर अधिकच चेचतो आणि तो टेकतो ती पितळी बैठकही बिघडते. त्यापेक्षा मुख्य चावी बंद करावी, पान्याने तोटीचा वरचा भाग खोलावा आणि त्याच मापाचा नवा वायसर घालावा. दांड्याच्या कडेने पाणी येत असेल तर दोष तिथल्या पॅकिंगचा. काम घटकाभराचे आहे, हलके मुळीच नाही. मनाचेही असेच असते. नुसते आवळून भागत नाही, उघडून पाहावे लागते.

खोडदच्या शिवारात ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी अतिदूरच्या आकाशातले क्षीण संकेत टिपतात. मग आपल्याला मोरीतली टपटप ऐकू येऊ नये?

तात्पर्य, घरचा नळ असो की देवळापाशचा, दोष कोणाचा हे शोधत बसू नये. ज्याने टपटप ऐकली, त्याचे ते काम.