काही होत नाही

आमच्या फलटणात मार्गशीर्षात रामाचा रथ निघतो, आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी मुक्कामाला येते आणि दिवाळीत परगावी गेलेली मुले घरी येतात. या तिसऱ्या उत्सवाची पंचांगात नोंद नाही. पण मास्तराच्या घरी खरा उत्सव तोच. पाडव्याच्या सकाळी एकेक जण येतो, वाकून नमस्कार करतो, चकली मोडता मोडता आपल्या नोकरीची हकिकत सांगतो, आणि मास्तराला वाटू लागते की याच्या भाकरीत चिमूटभर मीठ आपलेही आहे. हे वाटणे गोड असते. ते खरे असतेच असे नाही. गेल्या पाडव्याला एका मुलाने, त्याच्या नकळत, माझा हा गोडवा काढून घेतला. त्याची ही गोष्ट.

मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक आणि त्यानंतर चित्रकलेची पदविका, एवढेच माझे शिक्षण. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, म्हणून गावात मला माझ्या वकुबाहून थोडे अधिक शहाणे समजतात. हा मुलगा माझ्या वर्गात असताना पट्टीशिवाय सरळ रेघ ओढायचा. निसर्गचित्रात त्याला गोडी नव्हती. पण विहिरीवरचा पंप समोर आला की त्याचा नट न् नट कागदावर उतरवायचा. दहावीनंतर तो आयटीआयमध्ये गेला, फिटर झाला, आणि तारापूरच्या अणुवीज केंद्रात शिकाऊ उमेदवार म्हणून त्याची निवड झाली. वर्षभर काम शिकायचे, महिन्याला विद्यावेतन घ्यायचे. त्याला अठरा पुरी होऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

पत्र आले त्या संध्याकाळी त्याची आई माझ्या दारात आली. लोकांच्या रानात भांगलणीला जाणारी बाई. किती आग्रह केला तरी उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "गुरुजी, पोरगं अनूच्या कारखान्यात चाललंय. तिथं म्हनं अंगात कायतरी शिरतं. दिसत न्हाई, दुखत न्हाई, पन मागनं बाधतं. तुमी शिकल्यालं मानूस. धाडू का नगं?"

मी तत्काळ म्हणालो, "ताई, काही होत नाही. सरकारी काम आहे. बिनघोर पाठवा."

"बरं," एवढेच बोलून ती गेली, आणि आठवड्याने मुलगा एस्टीत बसला.

मला अणूविषयी काय माहीत होते? पाठ्यपुस्तकातली एक गोल आकृती, मध्ये ठिपका आणि भोवती फिरणारे ठिपके. ती मी फळ्यावर सुबक काढू शकलो असतो. पण त्या आकृतीच्या बळावर एका आईला तिच्या एकुलत्या एका मुलाविषयी ग्वाही देण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? हा प्रश्न तेव्हा मला पडलासुद्धा नाही. आपण धीर दिला, चांगले केले, अशा समाधानात मी जेवलो आणि झोपलो.

धीर देणे हे आपल्याकडे पुण्यकर्मात मोडते, आणि ते तसे आहेही. मुलाला घरी कोंडून ठेवणाऱ्या भीतीचा मी कैवारी नाही. आमच्या उसाच्या मुलखात गुऱ्हाळाच्या चरकात बोटे गेलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यातला एक माझाच विद्यार्थी. त्याला चरकावर बसवताना कोणाच्या आईने मास्तराला विचारले नाही, कारण तो धोका आमच्या ओळखीचा होता. ओळखीच्या धोक्याला आपण काम म्हणतो आणि अनोळखी धोक्याला संकट. तेव्हा भीती हे काही धोक्याचे माप नव्हे. पण धीर हेदेखील धोक्याचे माप नव्हे, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

काम करता करता शिकण्याची कल्पना मुळात थोर आहे. सुताराचा मुलगा रंध्याच्या भुशातच शिकला. अणूच्या क्षेत्रातही आपल्या देशाने हाच मार्ग धरला. ट्रॉम्बेला अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, होमी भाभांनी तिथे प्रशिक्षण विद्यालय उघडले. तयार शास्त्रज्ञ परदेशातून आणण्यापेक्षा आपली पोरे यंत्राशेजारी उभी करून तयार करावीत, हा त्यामागचा विचार. अनिल काकोडकर त्याच विद्यालयातून पुढे आले. योगायोग असा, की त्याच १९५७ साली कॅनडात वॉटर्लू येथे एक विद्यापीठ निघाले. तिथली मुले काही महिने वर्गात आणि काही महिने कामावर अशी आलटूनपालटून शिकू लागली. आज त्या प्रांतातल्या अणुवीज केंद्रांतही असे विद्यार्थी उमेदवारी करतात. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला १९६१ साली, आणि तारापूरची वीज महाराष्ट्राला आणि गुजरातला मिळू लागली १९६९ साली. म्हणजे आपल्या घरच्या दिव्यामागे कोठेतरी असा एखादा शिकणारा मुलगा उभा आहे, ही गोष्ट आता दोन पिढ्यांची झाली. तो दिवा लावणारे आपण सारेच या प्रश्नाचे थोडेथोडे भागीदार आहोत.

पण याच शिकण्याची दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील ऑरेंज या गावी एका कारखान्यात तरुण मुली घड्याळांच्या तबकड्या रंगवीत. अंधारात आकडे चमकावेत म्हणून रंगात रेडियम मिसळलेले असे. आकडे बारीक, कुंचल्याचे टोक सुईसारखे हवे. ते करण्याची रीत वरच्यांनी शिकवली: कुंचला ओठांत धरायचा, टोक काढायचे, रंगात बुडवायचे, रंगवायचे. कित्येक मुली पुरत्या वीस वर्षांच्याही नव्हत्या. याने काही बाधते का, असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले: काही होत नाही. त्याच कारखान्यातले रसायनतज्ज्ञ मात्र शिशाच्या आडोशाआड काम करीत. रेडियमचा स्वभाव हाडातल्या चुन्यासारखा. ते हाडांत जाऊन बसले. मुलींचे जबडे झिजले, दात पडले, कित्येकजणी गेल्या. पाच जणींनी दावा लावला, आणि १९२८ साली तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. तोवर त्यांची शरीरे कायमची खचून गेली होती.

वाचक म्हणतील, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. तारापूरशी तिचा काय संबंध? तारापूरशी नसेल. माझ्याशी आहे. माझ्या वर्गातली मुले रोज कुंचला ओठांत धरून टोक काढतात, मीही काढतो. त्या मुलींना ज्याने ही रीत शिकवली तो बहुधा कोणी राक्षस नसावा. माझ्यासारखाच कामाची रीत शिकवणारा एक मास्तर असावा. आणि त्याने उच्चारलेले शब्द मी माझ्या दारात जसेच्या तसे उच्चारले होते.

गेल्या पाडव्याला तो मुलगा आला. अंगाने भरला होता, बोलण्यात ठामपणा आला होता. मी सहज विचारले, "काय रे, काही त्रास नाही ना?" तो हसला. म्हणाला, "सर, पहिले दिवस नुसते समजावून सांगण्यात गेले. कुठं जायचं, कुठं नाही, किती वेळ थांबायचं. आत जायचं तर छातीवर बिल्ला लागतो. अंगावर किती किरण पडले ते त्यात उमटतं, मग ते तपासून नावावर मांडतात. बाहेर पडताना यंत्रावर हातपाय ठेवावे लागतात." मग थोडे थांबून, अगदी सहज म्हणाला, "तिथं 'काही होत नाही' असं म्हणून चालत नाही, सर. किती झालं ते सांगावं लागतं."

मी चकलीचे ताट त्याच्यापुढे सरकवले. दुसरे काही सुचले नाही.

तो गेल्यावर मी शोधू लागलो, वाचू लागलो. जे दोन वर्षांपूर्वी करायला हवे होते ते. अणुऊर्जा नियामक मंडळाने घालून दिलेल्या मर्यादा सापडल्या. किरणांचे शरीरावरील माप मिलिसीव्हर्टमध्ये सांगतात. कामगारासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०, आणि कोणत्याही एका वर्षात ३०. सर्वसाधारण माणसासाठी वर्षाला १. आणि सोळा ते अठरा वयाच्या शिकाऊ मुलांसाठी ६. सोळाच्या आतल्या मुलाला या कामात शिकाऊ म्हणूनही घेता येत नाही. तसा २००४ चा नियम आहे.

त्या सहाच्या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. कोवळ्या शरीराला किरण अधिक बाधतात, हे त्याचे शास्त्रीय कारण. पण मला त्यात एक नैतिक कारणही दिसले. कामगार आपल्या कामाचा धोका जाणतो आणि जाणून स्वीकारतो. जो अजून शिकतोच आहे, त्याला आपण कशाला हो म्हणालो हेच पुरते कळलेले नसते. ते कळण्यासाठीच तर तो आलेला असतो. म्हणून शिकणाऱ्याचा होकार हा त्याचा एकट्याचा नसतो. तो त्याने वडीलधाऱ्यांपाशी ठेवलेली ठेव असतो. त्याला समज येईपर्यंत ती आपण सांभाळायची, खर्चायची नाही.

कायद्याने रेघ अठरावर ओढली. कोठेतरी ओढणे त्याला भागच होते. माझा मुलगा त्या रेघेच्या दोन महिने पलीकडे होता. दोन महिन्यांत कोणाला शहाणपण येते? त्या रेघेनंतरची जागा कायदा भरू शकत नाही. ती आईबापांनी, मास्तरांनी भरायची असते. आणि मी ती तीन शब्दांनी भरली होती. बिल्ल्यावरचा आकडा मांडणारा तो खरा मांडील, हादेखील शेवटी विश्वासच, हे मला कळते. पण तो विश्वास तपासता येतो, त्याविषयी जाब विचारता येतो. माझ्या धीराला जाब विचारण्याची सोयच नव्हती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. आई दारात ज्वारी पाखडीत होती. मी म्हणालो, "ताई, एक सांगायला आलोय. त्या दिवशी मी 'काही होत नाही' म्हणालो, तेव्हा मला त्यातलं काहीसुद्धा माहीत नव्हतं."

तिने सूप थांबवले नाही. "तवाच कळलं हुतं, गुरुजी. बैल आजारी पडला तर डागदरबी आदी हात लावून बगतो, मग बोलतो. तुमी न बगताच बोलला."

"मग पाठवलंत कसं?"

"पोराचं त्वांड बगून. नगं म्हनलं असतं तर जलमभर तसलंच त्वांड बगाया लागलं असतं."

"मग माझ्याकडं कशाला आलात?"

आता तिने सूप खाली ठेवले. "वाटलं, तुमालाबी भ्या वाटतंय का बगावं. दोगं असलो की भ्या कमी हुतं."

मी तिला उत्तर दिले होते. तिला सोबत हवी होती. माझ्या घाईच्या धीराने मी तिला तिच्या भीतीत एकटे टाकून घरी परत पाठवले होते.

यंदा श्रावणात एक बाप असाच आला. मुलाला दूरच्या एका कारखान्यात उमेदवारी मिळाली होती. रसायनांचे काम होते. त्याने विचारले, "सर, काही होणार नाही ना?" शब्द माझ्या जिभेवर आले होते. ते गिळून मी म्हणालो, "मला माहीत नाही. बसा. काय काय विचारायला हवं ते आधी आपण दोघं लिहून काढू." तो जरा नाराज झालेला दिसला, गुरुजींकडून त्याला वेगळी अपेक्षा असावी. पण तो आत येऊन बसला. मी चित्रकलेच्या वहीचा एक कोरा कागद फाडला आणि त्यावर पहिला प्रश्न लिहिला.